लांबच्या प्रवासात फँटसी ऑडिओबुक: नवख्या श्रोत्यांसाठी

गाडी चालवता चालवता पुस्तक ऐकायची हौस स्मार्टफोनच्या बरीच आधीची आहे. डुवाल हेक्ट हे अमेरिकी नौकानयनपटू, १९५६च्या ऑलिंपिकमधले सुवर्णपदक विजेते. पुढे कामासाठी रोज लांबवर गाडी हाकताना ते रेडिओला इतके कंटाळले, की १९७५ मध्ये त्यांनी अख्खी पुस्तकं कॅसेटवर वाचून घेऊन टपालाने भाड्याने देणारी कंपनीच काढली. तेव्हा एका जाडजूड कादंबरीला कॅसेटचा खोका लागायचा आणि दर थोड्या वेळाने बाजू उलटावी लागायची. आता ते सगळं फोनमध्ये मावतं. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, अ‍ॅप टाकलं, पुस्तक घेतलं, प्ले केलं, झालं.

इतर पुस्तकांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. फँटसीचं तसं नाही. छापील फँटसी कादंबरी उघडलीत तर सुरुवातीला नकाशा असतो, शेवटी राजघराण्यांच्या वंशावळी असतात, मधे आयुष्यात कधी न ऐकलेली पन्नास नावं असतात. दोन राजांमध्ये गोंधळ झाला की वाचक सरळ वीस पानं मागे जाऊन बघून येतो. कानाने ऐकताना यातलं काहीच हाताशी नसतं. त्यात ऐकणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. समोर एखादा ट्रक अचानक लेन बदलतो आणि पुढची चार वाक्यं निसटतात. ती निसटायलाच हवीत, कारण त्या क्षणी लक्ष ट्रककडेच हवं. म्हणून प्रवासासाठी पुस्तक निवडण्यापासून ते गाडीत कोण काय करणार इथपर्यंत सगळं एका प्रश्नावर ठरवावं: चालवणाऱ्याचं मधलं अर्धं मिनिट हुकलं, तर गोष्ट त्याला पुन्हा सापडेल का?

आधी तासांचा हिशेब

नकाशाचं अ‍ॅप म्हणतं १० तासांचा रस्ता, म्हणून १० तासांचं पुस्तक घ्यायचं असं नसतं. जेवणाचे थांबे, इंधन, गप्पा, गाणी, शहरातून बाहेर पडतानाची गर्दी, कुणाचा तरी फोन, कुणाची तरी झोप हे सगळं वजा केलं की प्रत्यक्ष ऐकणं दोन तृतीयांशाच्या आसपास उरतं. म्हणजे १० तासांच्या प्रवासात सहा-सात तास. जाऊन येऊन बारा-तेरा.

आता फँटसीच्या लांबीकडे बघा. 'द हॉबिट' रॉब इंग्लिस यांच्या आवाजात सुमारे ११ तासांचं आहे. जाण्या-येण्यात आरामात बसतं. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' जवळपास ३४ तासांचं. 'द वे ऑफ किंग्ज' ४५ तासांच्या वर जातं, आणि तो मालिकेचा फक्त पहिला भाग आहे. पहिल्याच प्रवासाला ४५ तासांचं पुस्तक घेऊन निघणारे उत्साही लोक असतात. मुक्कामाला पोचतात तेव्हा त्यांच्या गोष्टीत अजून सगळ्या मुख्य पात्रांची ओळखही झालेली नसते.

ज्या पुस्तकाची ऐकण्याची वेळ कुठे दिसत नाही, तिथे शब्दसंख्येवरून अंदाज बांधता येतो. इंग्रजी ऑडिओबुकमध्ये निवेदक साधारण मिनिटाला १५० ते १६० शब्द वाचतो, म्हणजे तासाला नऊ-साडेनऊ हजार. 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हे १९००चं पुस्तक सुमारे ४० हजार शब्दांचं आहे. सव्वाचार तासांच्या आसपास ऐकून होतं. एका दिवसाच्या छोट्या प्रवासाला आणि मागच्या सीटवर मुलं असतील तर याहून सोयीचं काही सापडणं कठीण. गोष्टही एका रस्त्यावरून चालत जाणाऱ्यांचीच आहे.

पुस्तकाच्या नावासमोर 'संक्षिप्त' की 'संपूर्ण' हेही बघून घ्या. संक्षिप्त आवृत्तीत कथानक राहतं, पण त्या जगाचं वर्णन, दंतकथा, जादूचे नियम यांवर कात्री चालते. फँटसीची मजाच तिथे असते. वेळ कमी असेल तर मोठं पुस्तक कापून ऐकण्यापेक्षा छोटं पुस्तक पूर्ण ऐकलेलं बरं.

पुस्तक निवडताना

पहिल्या वेळी प्रवासकथा घ्या. एक नायक किंवा चार-पाच जणांची टोळी, एक ठिकाण सोडून दुसऱ्या ठिकाणी निघालेली, वाटेत एकामागून एक संकटं. अशा गोष्टीत प्रत्येक प्रकरणाचा एक मुक्काम असतो. गुहेतला प्रसंग अर्धा हुकला तरी पुढच्या प्रकरणात मंडळी गुहेबाहेर जंगलात असतात आणि 'गुहेतून सुटलो एकदाचे' असं कुणीतरी म्हणतंच. गोष्ट स्वतःच तुम्हाला परत उचलून घेते.

याच्या उलट, दरबारी कारस्थानांची फँटसी. तिथे सगळा डोलारा एका संभाषणातल्या एका वाक्यावर उभा असतो. कोणत्या सरदाराने कोणाला कोणतं पत्र पाठवलं हे नेमकं तुम्ही वळण घेत असताना सांगितलं जातं आणि पुढचे तीन तास तुम्ही अंधारात चाचपडता. ही पुस्तकं उत्तम असतात, पण घरी बसून, हेडफोन लावून ऐकायची.

दुसरी गोष्ट, किती जणांच्या डोळ्यांनी कथा सांगितली आहे ते पाहा. प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे एकच 'मी' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हे गाडीत सगळ्यात सोपं. दर प्रकरणाला पात्र बदलणारी पुस्तकं असतात, त्यांत प्रकरणाच्या सुरुवातीला निवेदक पात्राचं नाव वाचतो. तो एक शब्द हुकला तर पुढची पाच मिनिटं 'हा कोण बोलतोय?' यातच जातात. दोन-तीन दृष्टिकोन असतील तर चालेल. आठ-दहा असतील तर ते पुस्तक दुसऱ्या कधीतरी.

नमुना ऐकताना नावांकडे मुद्दाम लक्ष द्या. काही लेखक एकाच अक्षराने सुरू होणारी चार नावं ठेवतात. कागदावर ती वेगळी दिसतात, कानाला मात्र एकच वाटतात. मुख्य पात्रांची नावं डोळे मिटून ऐकूनही वेगळी ओळखू आली पाहिजेत. मी तर या एका कसोटीवर पुस्तकं बाजूला ठेवायला सांगेन.

मालिकेतलं मधलं पुस्तक पहिल्यांदा ऐकायला घेऊ नका, हे सांगायची गरज नसावी. पण अ‍ॅपच्या यादीत तिसरा भाग वर दिसतो आणि लोक तोच घेतात. मुखपृष्ठावर भागाचा क्रमांक नसला तर वर्णनात शोधा. स्वतंत्र, एकाच भागात संपणारी कादंबरी मिळाली तर उत्तमच.

आणि विनोदी फँटसी दुर्लक्षू नका. चारजण एका गाडीत बसलेले असताना गंभीर भविष्यवाण्यांपेक्षा वैतागलेला जादूगार जास्त टिकतो.

आवाज कुणाचा

फँटसीत निवेदकावर जेवढी भिस्त असते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या प्रकारात असेल. नावांचे उच्चार तोच ठरवतो, बुटके कसे बोलतात आणि ड्रॅगन कसा हे तोच ठरवतो. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' वाचणारे रॉय डॉट्रिस यांनी त्या एका पुस्तकात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची गिनेसने विक्रम म्हणून नोंद केली. इतकी पात्रं लक्षात ठेवायची तर वेगळ्या आवाजांचा आधार मोठा असतो. नाव हुकलं तरी 'हा तोच खरखरीत आवाजाचा सैनिक' एवढं कळतं.

पण गाडीसाठी आवाजाची एक वेगळी परीक्षा घ्यावी लागते. काही निवेदक फार नाट्यमय वाचतात. कुजबुज खरोखरच कुजबुजतात आणि युद्धाची आरोळी खरोखरच ठोकतात. शांत खोलीत ते अंगावर काटा आणतं. महामार्गावर मात्र कुजबुज टायरच्या घरघरीत बुडते, तुम्ही आवाज वाढवता, आणि पुढच्याच क्षणी आरोळी कानठळ्या बसवते. म्हणून पाच मिनिटांचा मोफत नमुना ऐकताना खोलीतला पंखा पूर्ण वेगाने लावा आणि फोन थोडा लांब ठेवा. तेवढ्या गोंगाटातही सगळे शब्द कळले तर तो निवेदक प्रवासात चालेल.

अनेक कलाकार, पार्श्वसंगीत आणि तलवारींचे खणखणाट असलेली नाट्यरूप आवृत्ती की एकाच निवेदकाने वाचलेली साधी आवृत्ती, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. नाट्यरूपाची बाजू अशी की मुलं आणि पुस्तकाचा कंटाळा असणारी मंडळी तिला पटकन चिकटतात, शिवाय ती बहुधा लांबीने कमी असते. तरी चालवणाऱ्याच्या दृष्टीने माझं मत साध्या आवृत्तीच्या बाजूने आहे. ध्वनिपरिणामांत घोड्यांच्या टापा, स्फोट, किंकाळ्या, कर्णे असतात, आणि गाडीत अचानक आलेला कर्कश आवाज कथेतला की बाहेरचा हे ओळखण्यात जो क्षण जातो तो रस्त्यावर परवडत नाही. साध्या आवृत्तीत 'तो म्हणाला', 'ती कुजबुजली' हे शब्दही असतात. वाचताना ते कंटाळवाणे वाटतात, पण अर्धवट लक्ष असताना तेच वाट दाखवतात.

पुस्तक मिळवायचं कुठून

विकत घेणं, मासिक वर्गणीचं अ‍ॅप, सार्वजनिक ग्रंथालयाचं डिजिटल कार्ड, आणि मोफत. ग्रंथालयातून घेतलं असेल तर परतीची तारीख बघा; मुदत संपली की पुस्तक फोनमधून आपोआप जातं, मग भले तुम्ही शेवटच्या लढाईत असा. लिब्रिव्हॉक्स हा २००५ पासून चालणारा उपक्रम आहे. स्वयंसेवक कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती कुणालाही मोफत मिळतात. जुनी परीकथा-फँटसी तिथे भरपूर आहे. फक्त एक बघा: काही पुस्तकांत प्रत्येक प्रकरण वेगळ्या व्यक्तीने वाचलेलं असतं. गाडीत ते त्रासाचं होतं, म्हणून एकाच आवाजातली आवृत्ती शोधा.

डाउनलोड आणि फाइली

पुस्तक फोनमध्ये पूर्ण उतरवून घ्या. घाटात, बोगद्यात, जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क जातं आणि पुस्तक शब्दाच्या मधोमध अडकतं. ६४ केबीपीएस दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला तासाला साधारण २९ एमबी जागा लागते, म्हणजे ३४ तासांचं पुस्तकही १ जीबीच्या आत. बोलण्याच्या आवाजाला एवढा दर्जा पुरतो.

डाउनलोड झाल्याची खूण दिसली तरी विश्वास ठेवू नका. फोन विमान मोडवर टाका, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण चालू करून बघा. काही अ‍ॅप फक्त सुरुवातीचा भाग उतरवतात आणि बाकीचं 'लागेल तसं' घेतात. हे घरीच कळलेलं बरं. गाडीत दोन फोन असतील तर दुसऱ्यावरही पुस्तक उतरवून ठेवा. एकाच खात्यातून किती उपकरणांवर चालतं ते अ‍ॅपनुसार बदलतं, तेही आधी पाहा.

गाडी जुनी असेल आणि तिला फक्त पेन ड्राइव्ह कळत असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. अनेक जुन्या सिस्टम दुसरं काही वाचत नाहीत. आणि फाइलींना नावं देताना ०१, ०२, ०३ अशी द्या. नुसतं १, २, ३ दिलं तर कित्येक सिस्टम १ नंतर १० वाजवतात आणि २ कुठेतरी वीसच्या आधी येतो. काही सिस्टम तर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने फाइली कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कॉपी करतानाही क्रमाने करा. फँटसीत याचा धोका मोठा, कारण प्रकरण चुकलंय हे लगेच लक्षातही येत नाही. मेलेलं पात्र पुन्हा बोलायला लागलं तर नवखा श्रोता समजतो की जादू असेल.

विकत घेतलेल्या पुस्तकांच्या फाइली बहुतेकदा त्यांच्याच अ‍ॅपमध्ये चालतात, पेन ड्राइव्हवर घालता येत नाहीत. तेव्हा फोन ब्लूटूथने किंवा केबलने जोडणं हाच मार्ग.

गाडी आणि फोन यांची आधीच ओळख करून द्या

निघायच्या आदल्या दिवशी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसा. एवढं केलंत तर रस्त्यावरच्या निम्म्या कटकटी संपतात.

स्टिअरिंगवरचं 'पुढे' बटण दाबून बघा. गाण्यांसाठी ते पुढच्या गाण्यावर जातं. ऑडिओबुकमध्ये ते कधी ३० सेकंद पुढे जातं, कधी अख्खं प्रकरण ओलांडतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये हे बदलायची सोय सेटिंगमध्ये असते. 'मागे' बटणाला १५ किंवा ३० सेकंद द्या. गाडीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण तेच असणार आहे.

मग रस्ता सांगणारा आवाज. गाणं चालू असताना 'डावीकडे वळा' आलं की गाणं हळू होतं आणि मागे वाजत राहतं, तिथे बिघडत नाही. पुस्तक मात्र हळू होता कामा नये, थांबलं पाहिजे. नाहीतर दोन माणसं एकाच वेळी बोलतात आणि दोघांचंही कळत नाही. आयफोनच्या नकाशात सूचना देताना बोलका ऑडिओ थांबवायचा पर्याय आहे. काही ऑडिओबुक अ‍ॅपमध्येही 'सूचना आल्यावर आवाज कमी न करता थांबा' अशा अर्थाचं सेटिंग सापडतं. शोधायला पाच मिनिटं लागतात, पण ती लावाच.

थांबवून पुन्हा सुरू केल्यावर आपोआप काही सेकंद मागे जाण्याचं सेटिंगही असतं. ते चालू करा. आपोआप बंद होण्याचा टायमर झोपताना लावलेला राहून गेला असेल तर तो बंद करा.

आवाज जुळवताना बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. बोलणं नीट कळत नाही म्हणून आवाज वाढवतात, बास तसाच वर ठेवतात. इंजिन आणि टायरची घरघर मुळात खालच्या पट्टीतली असते, वाढवलेला बास तिच्यातच भर घालतो. शब्द स्पष्ट होतात ते स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांमुळे आणि ती वरच्या पट्टीत असतात. म्हणून बास कमी, मधली आणि वरची पट्टी थोडी जास्त. 'सराउंड' किंवा 'कॉन्सर्ट हॉल' असले परिणाम पूर्ण बंद. वेग वाढला की आवाज आपोआप वाढवण्याची सोय गाडीत असेल तर ती मध्यम ठेवा. अ‍ॅपमध्ये 'आवाज उठावदार करा' असा काही पर्याय दिसला तर लावून बघा. तो कुजबुज आणि आरोळी यांतलं अंतर कमी करतो.

वाचण्याचा वेग? घरी तुम्ही १.५ पटीने ऐकत असाल. गाडीत, फँटसी असेल तर, पहिले काही तास साध्या वेगानेच ऐका. नावं कानात बसायला वेळ लागतो. सगळे रुळले की १.१ किंवा १.२ पर्यंत न्या. त्यापुढे चालवणाऱ्याच्या डोक्यावर उगाच भार पडतो.

फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. चार्जिंग, नकाशा आणि ऊन एकत्र आलं की फोन तापून स्वतःच बंद होतो, आणि मग पुस्तकही नाही आणि रस्ताही नाही.

पहिला तास घरी ऐका

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. फँटसीची सुरुवात हा तिचा सगळ्यात अवघड भाग असतो. अनेक पुस्तकांत आधी एक प्रस्तावनावजा प्रसंग येतो: हजार वर्षांपूर्वीची लढाई, अनोळखी पात्रं, गूढ संवाद. त्यातली माणसं बहुधा पुन्हा भेटतही नाहीत, आणि या प्रसंगाचा अर्थ पुस्तक अर्धं झाल्यावर लागतो. नवखा श्रोता इथेच घाबरतो. त्याला वाटतं आपलं लक्ष नव्हतं. तसं नसतं, लेखकाने मुद्दामच अर्धं सांगितलेलं असतं.

निघण्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, जे जे गाडीत असणार आहेत त्यांनी एकत्र बसून पहिला तास ऐकावा. एकत्र जमणं शक्य नसेल तर निदान चालवणाऱ्याने तरी. नकाशा मिळाला तर समोर ठेवा. खरेदी केलेल्या पुस्तकाबरोबर कधीकधी नकाशा आणि पात्रांची यादी वेगळ्या फाइलीत मिळते. ती फोनमध्ये उतरवून घ्या. पाच-सहा नावं कागदावर लिहा: नाव, कुठला, कुणाचा कोण. स्पेलिंग चुकलं तरी हरकत नाही, ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा. हा कागद चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या ताब्यात द्या.

हा तास झाला की गाडीत बसल्यावर गोष्ट अनोळखी राहत नाही. आणि तासाभरात कुणालाच पुस्तक आवडलं नाही, तर बदलायला वेळही असतो.

नावं शोधायला इंटरनेटवर जाऊ नका, ही एक कडक सूचना. चाहत्यांनी बनवलेल्या माहितीच्या पानांवर पात्राच्या नावापुढे पहिल्याच ओळीत तो कधी आणि कुणाच्या हातून मरतो ते लिहिलेलं असतं. शोधखिडकीत नुसतं नाव टाकलं तरी सुचवण्यांत 'मृत्यू' हा शब्द पुढे येतो.

रस्त्यावर

अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेसाठी युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गाडी चालवताना इतर कामांचा मनावर किती ताण पडतो हे मोजलं. नुसती गाडी चालवणं म्हणजे १ आणि अत्यंत अवघड बौद्धिक काम म्हणजे ५, अशी मोजपट्टी होती. रेडिओ ऐकणं १.२१ वर आलं, ऑडिओबुक १.७५ वर, हातात न धरता फोनवर बोलणं २.२७ वर. म्हणजे पुस्तक ऐकणं फोनवरच्या बोलण्यापेक्षा हलकं, पण रेडिओइतकं बिनकामाचं नाही. डोक्याचा एक कोपरा ते घेतंच.

म्हणून थांबवायच्या जागा आधीच ठरवून टाका. शहरात शिरताना, अनोळखी चौकांत, मुसळधार पावसात, धुक्यात, अरुंद घाटात, रस्त्याचं काम चालू असेल तिथे पुस्तक बंद. मोकळा, सरळ, ओळखीचा रस्ता म्हणजे पुस्तक चालू. हे ठरवायचा अधिकार फक्त चालवणाऱ्याचा. त्याने 'थांबव' म्हटलं की शेजारच्याने लगेच थांबवायचं; 'एवढं वाक्य होऊ दे' नाही. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचाच नाही. एकटेच निघाला असाल तर स्टिअरिंगवरची बटणं किंवा तोंडी आज्ञा, आणि तेवढ्यावर भागत नसेल तर गाडी बाजूला घेऊन.

शेजारी बसलेल्याचं काम गाण्यांची निवड करणाऱ्यापेक्षा मोठं आहे. पुस्तक थांबवायचं, अर्धं मिनिट मागे न्यायचं, नावांचा कागद सांभाळायचा, आणि दर प्रकरण संपल्यावर चालवणाऱ्याला विचारायचं, 'लागतंय ना?' उत्तर अडखळत आलं तर दोन वाक्यांत सांगायचं: राजकन्या किल्ल्यातून पळाली, तलवार अजून म्हाताऱ्याकडेच आहे. बस्स, एवढंच. पुस्तक मागे नेऊन वीस मिनिटं पुन्हा ऐकवण्यापेक्षा हे सगळ्यांनाच बरं पडतं.

मोठमोठ्या कविता, गाणी, वंशावळींचे परिच्छेद आले की चालवणाऱ्याने बिनधास्त लक्ष काढून घ्यावं. निष्ठावान चाहते रागावतील, पण गोष्टीला त्याने सहसा धक्का लागत नाही.

झोपलेल्यांचं काय, हा वाद पहिल्या दोन तासांतच उभा राहतो. त्याचा नियम निघतानाच करा. मला पटणारा नियम असा: पुस्तक चालवणाऱ्यासाठी चालतं. मागे झोपलेल्याने उठल्यावर दोन वाक्यांचा सारांश घ्यायचा आणि राहिलेला भाग मुक्कामावर स्वतः ऐकायचा. तो कुठे झोपला ते कळावं म्हणून शेजारच्याने त्या जागी अ‍ॅपमध्ये खूण करून ठेवली की झालं.

मुलं असतील तर राक्षसांपेक्षा अंधाराचा विचार करा. जो प्रसंग दुपारी मजेचा वाटतो तोच रात्रीच्या काळोख्या रस्त्यावर मुलांना नको होतो. संध्याकाळनंतर विनोदी प्रकरणं किंवा सरळ गाणी.

आणि पेंग येत असेल तर पुस्तकावर भरवसा ठेवू नका. एकसुरी, सुखद आवाज झोपेला बोलावतो, थरारक प्रकरणही ती फार वेळ अडवत नाही. मागच्या पाच मिनिटांत काय घडलं ते आठवत नसेल, आणि त्याच वेळी रस्त्यावरची मागची पाच मिनिटंही आठवत नसतील, तर गोष्ट मागे नेऊ नका, गाडी सुरक्षित जागी थांबवा. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घ्या किंवा चालक बदला. पहाटे आणि भर दुपारी हा धोका सर्वांत जास्त असतो.

थांबे आणि पोचल्यावर

थांबा शक्यतो प्रकरणाच्या शेवटी घ्या. दर दोन तासांनी उतरायचंच असतं, आणि फँटसीतली प्रकरणं अनेकदा अर्ध्या ते पाऊण तासाची असतात, त्यामुळे जुळवता येतं. उतरल्यावर पाय मोकळे करताना गोष्टीवर बोला. खरा देशद्रोही कोण, अंगठी कुणाकडे गेली, म्हातारा खोटं बोलतोय का, यावर पैजा लावा. बोलण्यातून नावं पक्की होतात आणि कुणाचं काय हुकलंय तेही कळतं. पुन्हा गाडीत बसल्यावर एक मिनिट मागून सुरू करा.

शेवटची लढाई शहराच्या गर्दीत येईल असं दिसलं तर आधीच पुस्तक थांबवा आणि उरलेला भाग मुक्कामावर ऐका. पुस्तक संपायला दोन-तीन तास उरले असतील आणि परतीचा प्रवास बाकी असेल, तर ते परतीसाठी राखून ठेवा, पण मधले दिवस जास्त असतील तर निघायच्या सकाळी नावांचा कागद सगळ्यांनी एकदा वाचून घ्या. आठ-दहा दिवसांत फँटसीतली निम्मी नावं डोक्यातून जातात. पंधरा तास उरले असतील तर परतीला ते संपणार नाही हे मान्य करून प्रत्येकाने आपापल्या फोनवर, आपापल्या वेगाने पुढे जावं. फक्त एकमेकांना शेवट सांगायचा नाही एवढं निघण्याआधी कबूल करून घ्या.